सही करण्याआधी एकदा पावसात या

प्रति,
झाडतोडीच्या परवानगीवर शेवटची सही करणारे सर्व अधिकारी

विषय : 'एकास दहा' या हिशेबाला हरकत

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अशी की, हे पत्र वाचून होईपर्यंत समोरची नस्ती बाजूला ठेवावी. तिच्यात काय असते हे मला आता पाठ झाले आहे. झाडाचा अनुक्रमांक, जात, छातीच्या उंचीवर मोजलेला घेर, अंदाजे उंची, शेरा. पान भरले की बेरीज. मग त्या बेरजेला दहाने गुणून आलेली दुसरी बेरीज, म्हणजे 'इतकी रोपे अन्यत्र लावण्यात येतील'. आणि तिच्याखाली तुमच्या सहीची जागा.

माझी हरकत त्या दुसऱ्या बेरजेला आहे. झाडे मोजता येतात, म्हणून झाडे मोजली जातात. जंगलासाठी तक्त्यात रकानाच नाही, त्यामुळे जंगल गेले तरी नस्तीत काही गेल्याची नोंद होत नाही. उलट एकाचे दहा झाल्यामुळे कागदावर फायदाच दिसतो.

अशाच एका प्रस्तावावर मी लेखी हरकत दिली होती. सुनावणीला बोलावले. समोरच्या अधिकाऱ्यांनी अगदी सौजन्याने विचारले, "प्रस्तावित क्षेत्रात तुमची मिळकत येते का?" मी नाही म्हटले. "मग तुम्ही बाधित कशा?" मला तिथे काही बोलता आले नाही. उत्तर सुचले ते बाहेर येऊन चपला घालताना. मी बाधित आहे, कारण माझ्या नळाला येणारे पाणी त्या उतारावरून येते. पण जमिनीच्या उताऱ्यावर पाणी कुणाच्या नावाने लागत नाही.

त्या डोंगराच्या दोन अंगांनी दोन ओहोळ उतरतात. एका अंगाचे जंगल तीन वर्षांपूर्वी तोडले. दुसरे अजून उभे आहे, खोडांवर पांढऱ्या रंगाचे आकडे घेऊन. मागच्या पावसाळ्यात एका मोठ्या सरीनंतर मी दोन्हीकडे जाऊन आले. उभ्या जंगलात शिरले तेव्हा आभाळ उघडून अर्धा तास झाला होता, तरी झाडांखाली पाऊस चालूच होता. वरच्या पानावरून खालच्या पानावर, तिथून फांदीवर, फांदीवरून खोडावर, असे पाणी सावकाश येत होते. खाली पालापाचोळ्यात हात घातला तर मनगट आत गेले. वरची पाने पानांसारखी होती, त्याखालची जाळीदार, त्याखाली काळी भुसभुशीत माती आणि तिच्यात बुरशीचे पांढरे धागे. मूठ दाबली की बोटांमधून पाणी निघत होते. ओहोळाचे पाणी थोडे वाढले होते, पण तळाचे खडे मोजता येत होते.

दुसऱ्या अंगाला ओहोळाचा आवाज लांबूनच येत होता. पाणी तांबूस, दाट. सरीसोबत फुगले होते आणि संध्याकाळी परत पाहिले तर अर्ध्याहून जास्त ओसरलेले. दोन्हीकडची एकेक बाटली भरून घरी आणली आणि खिडकीत ठेवली. सकाळी एका बाटलीच्या तळाशी दोन-चार कण दिसले. दुसरीत दोन बोटे गाळ बसला होता.

एक इंच सुपीक माती तयार व्हायला काहीशे वर्षे जातात. ती वाहून जायला पानांचे छप्पर आणि पाचोळ्याची गादी, दोन्ही काढून घेतलेला एक पावसाळा पुरतो. मग ती नदीत जाते, नदीचे पात्र उथळ करते, धरणात बसते. धरण गाळाने भरले की गाळ काढण्याची निविदा निघते. ती नस्ती वेगळ्या खात्याकडे असते, त्यामुळे तुमच्या नस्तीशी तिची गाठ कधी पडत नाही.

मुळांचा हिशेब तर याहून अवघड आहे. झाड कापले की त्याची मुळे त्याच दिवशी मरत नाहीत. ती हळूहळू कुजतात आणि जसजशी कुजतात तसतशी उतारावरच्या मातीवरची पकड सुटत जाते. नवी लावलेली झाडे तेवढी पकड धरायला वेळ घेतात. जुनी मुळे गेली आहेत आणि नवी आलेली नाहीत, असा मधला धोक्याचा काळ साधारण तोडीनंतर तिसऱ्या ते पंधराव्या वर्षापर्यंतचा असतो. एका खुर्चीवर इतकी वर्षे कोण बसतो? दरड खाली येते तेव्हा सही करणाऱ्यांची दोन-तीनदा बदली झालेली असते, एखादे निवृत्तही झालेले असतात. पंचनाम्यात कारण लिहिले जाते 'अतिवृष्टी'. ते खोटे नसते, पण पुरेही नसते.

नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये असेच झाले. मुसळधार पावसात डोंगरउतार सुटले, चिखलासोबत ओंडके गावांत घुसले, शेकडो माणसे गेली. लक्षात घ्यायची गोष्ट ही की, घसरलेल्या उतारांपैकी कित्येक उघडे नव्हते. जंगल काढून तिथे रबराची कोवळी झाडे लावलेली होती. वरून फोटो काढला असता तर हिरवेच दिसले असते. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी १९८९ मध्ये, थायलंडने जंगलातली व्यापारी तोड बंद केली. चीनला हे १९९८ मध्ये यांगत्से नदीच्या महापुराने शिकवले. हजारो माणसे मेल्यावर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या नैसर्गिक जंगलांची तोड थांबवण्यात आली. आपल्याकडे हिमालयातल्या अलकनंदा नदीचा पूर १९७० चा. वरची झाडी तोडल्याने पूर इतका मातला, हे तिथल्या गावांनी कुणी अहवाल देण्याआधीच ओळखले होते. म्हणून १९७४ मध्ये ठेकेदाराची माणसे आली तेव्हा रेणी गावच्या बायका गौरा देवींसोबत झाडांच्या आड उभ्या राहिल्या. त्यांचीही मिळकत त्या जंगलात नव्हती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करते. प्रत्येक महापूर जंगलाने अडतो असे नाही. आठवडाभर आभाळ फाटले तर जंगलाची मातीही भरून जाते आणि पुढचे पाणी तीही सोडून देते. पण नेहमीच्या पावसाचा पूर होऊ न देणे, आणि आलेल्या पाण्यात अर्धा डोंगर मिसळू न देणे, हे काम जंगल वर्षानुवर्षे करत असते.

पाणी फक्त खाली वाहते असेही नाही. मोठे झाड मुळांनी ओढलेले शेकडो लिटर पाणी दिवसभरात पानांतून हवेत सोडू शकते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंचा, माग काढून दाखवले की, ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचा मोठा वाटा खुद्द ते जंगलच परत हवेत सोडते आणि तेच पाणी पुढे पुन्हा पडते. समुद्रावरून आलेला एकच ढग असा टप्प्याटप्प्याने आत जातो. या वाफेच्या प्रवाहांना तिकडे 'उडत्या नद्या' म्हणतात आणि त्या पुढे वळून खंडाच्या दक्षिणेकडच्या शेतीला पाऊस देतात. म्हणजे जंगल तोडले एका प्रांतात, आणि पेरणी वाया गेली हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या शेतकऱ्याची. त्याला सुनावणीची नोटीस कोण पाठवणार?

आता एक अशी सही, जिची किंमत अजून फिटलेली नाही. १९९५ च्या सुमारास इंडोनेशियात सुहार्तो यांच्या सरकारने बोर्निओ बेटावरच्या मध्य कालीमंतानमध्ये सुमारे १० लाख हेक्टर दलदलीच्या जंगलाची भातशेती करायचे ठरवले. या जंगलाखाली माती नसते, हजारो वर्षांचा अर्धवट कुजलेला पाचोळा असतो, कित्येक मीटर खोल. पाण्याखाली आहे तोवर तो कुजतही नाही आणि जळतही नाही. झाडे तोडून पाणी काढून टाकायला हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खणले गेले. त्या आम्लधर्मी जमिनीत भात काही धड पिकला नाही. वाळलेला पाचोळा मात्र १९९७ मध्ये पेटला. ही आग जमिनीच्या आत धुमसते, वरून पाणी मारून विझत नाही, तिला पावसाळ्याचीच वाट पाहावी लागते. प्रकल्प गुंडाळला गेला. कालवे राहिले, पाणी झिरपत राहिले, आणि २०१५ मध्ये कालीमंतान आणि सुमात्रा पुन्हा इतके जळले की धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत गेला आणि तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मूळ सहीला तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्या धुरात खोकणारी पोरे सही झाली तेव्हा जन्मलीही नव्हती.

जंगल तोडणे आणि जाळणे यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड माणूस दरवर्षी वातावरणात सोडतो त्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका भरतो. हवामान बदलाबद्दल तुम्ही परिसंवादांत पुष्कळ ऐकले असेल, म्हणून एवढ्यावरच थांबते.

आजारांबद्दल मात्र थोडे सांगितले पाहिजे, कारण तोडीच्या नस्तीवर आरोग्य खात्याचा अभिप्राय मी आजवर पाहिलेला नाही. जंगलाच्या कडेला नवी तोड झाली की उन्हात तापलेली डबकी तयार होतात. मलेरिया पसरवणाऱ्या डासांच्या काही जातींना नेमके तेच हवे असते. ॲमेझॉनमध्ये हे नीट मोजले गेले आहे. बोर्निओत माकडांचा मलेरिया माणसांना होऊ लागला, त्याचा संबंधही तुटलेल्या जंगलाशी सापडला. १९९८-९९ मध्ये मलेशियात निपाह विषाणू पहिल्यांदा माणसांत आढळला. फळांवर जगणारी वटवाघळे डुकरांच्या गोठ्यांवर वाकलेल्या फळझाडांवर येत, त्यांनी उष्टावलेली फळे खाली पडत, ती डुकरे खात आणि डुकरांकडून आजार माणसांकडे. शंभरावर माणसे गेली, सुमारे १० लाख डुकरे मारावी लागली. वटवाघळे बागांकडे का वळली, याचे एक कारण त्यांचे मूळचे खाद्य देणारे जंगल घटणे हे मानले जाते.

आता 'एकास दहा' कडे येते, म्हणजे मूळ मुद्द्याकडे.

तुमच्या तक्त्यातल्या एखाद्या चांगल्या घेराच्या झाडापाशी जाऊन वर पाहा. फांदी तुटलेल्या जागी एक ढोली दिसेल. धनेश पक्ष्याची मादी अशा ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते, आणि कित्येक आठवडे आत राहते. नर फळे आणून तिला आणि पिलांना भरवतो. खाल्लेल्या फळांच्या बिया तोच रानभर टाकत फिरतो. मोठ्या बियांची पुष्कळ झाडे अशीच लावली जातात, कुणाच्याही मस्टरवर नाव न चढता. ढोली असलेले झाड गेले की धनेश गेला, धनेश गेला की ती झाडे लावणारा गेला. तुमच्या दहा रोपांपैकी दहाच्या दहा जगली तरी धनेशाची मादी मावेल एवढी ढोली व्हायला त्यांना कित्येक दशके लागतील. तोवर तिने कुठे राहायचे, हा प्रश्न शेऱ्याच्या रकान्यात बसत नाही. जगातल्या उभयचरांच्या ८० टक्के आणि पक्ष्यांच्या ७५ टक्के जातींचे घर जंगलात आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२० मध्ये म्हटले. यातल्या बहुतेकांना रोपवाटिकेतल्या ओळी काही कामाच्या नाहीत.

आणि ती दहा जगतात का? तुर्कस्तानात ११ नोव्हेंबर २०१९ ला एका दिवसात देशभर १ कोटी १० लाख रोपे लावली गेली. विक्रम झाला. दोन-तीन महिन्यांत तिथल्या वनकामगारांच्या संघटनेने सांगितले की, पाहिलेल्या ठिकाणची ९० टक्क्यांपर्यंत रोपे मेली आहेत. सरकारने ते साफ नाकारले. खरे काय यात मी पडत नाही. मला एवढेच दिसते की, लावलेल्या रोपांच्या आकड्यावर दोघांचे एकमत होते आणि जगलेल्या रोपांच्या आकड्यावर नव्हते.

झाडे जगली म्हणजेही काम झाले असे नाही. दक्षिण आफ्रिकेत बाहेरून आणलेली पाइन, निलगिरी आणि बाभळीच्या जातीची झाडे डोंगरांवर अशी माजली की ओढ्यांचे पाणी घटू लागले. १९९५ पासून तिथले सरकार लोकांना मजुरी देऊन ती तोडून घेते आहे, ओढे परत वाहते व्हावेत म्हणून. झाडे तोडून पाणी वाढते, असेही जगात आहे. कोणते झाड, कुठे, कुणाच्या शेजारी, हे न विचारता नुसता आकडा मोजला की दोन्ही बाजूंनी फसगत होते.

तुम्ही म्हणाल, मग काही तोडायचेच नाही का? तसे मी म्हणत नाही. हे पत्र कागदावर लिहिते आहे, घरात लाकडी टेबल आहे. रस्ता लागतो, दवाखाना लागतो. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईला अडवून तिच्यावर जंगल संपवल्याचा ठपका ठेवू नये, हेही सांगायचे आहे. जगातल्या जंगलतोडीतला ९० टक्क्यांच्या आसपास हिस्सा शेती आणि चराईसाठी जमीन मोकळी करण्याचा आहे, आणि तो मोळीने होत नाही. जंगल लांब गेले की पहिली किंमत मात्र तीच मोजते : काल तासाभरात मिळणारे सरपण, पाला, कंद आज अर्ध्या दिवसाच्या चालीवर जातात.

१९९० ते २०२० या तीस वर्षांत जगाने सुमारे ४२ कोटी हेक्टर जंगल इतर कामांसाठी काढून टाकले. आपल्या अख्ख्या देशाचे क्षेत्रफळ ३३ कोटी हेक्टरही नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या जाहीरनाम्यात २०२० पर्यंत जंगलांचा ऱ्हास निम्मा करायचे ठरले होते, ते जमले नाही. २०२१ मध्ये ग्लासगोला १४० हून अधिक देशांनी तो २०३० पर्यंत थांबवण्याचा वायदा केला. वायदे वरच्या मजल्यावर होतात. झाड पडते ते तुमच्या टेबलावरच्या सहीने, म्हणून पत्र तुम्हाला.

उलटे करून दाखवलेलेही देश आहेत. कोस्टा रिकाचे जंगल १९८० च्या दशकात घटत घटत देशाच्या पाव हिश्शाच्या आसपास आले होते. १९९६ च्या कायद्याने जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वळवणे बंद झाले आणि इंधनावरच्या करातून, जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे मिळू लागले. आज निम्म्याहून अधिक देश पुन्हा झाडीखाली आहे. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये अब्जावधी डॉलरचा पाणी गाळण्याचा कारखाना टाळून, जिथून पाणी येते त्या कॅट्सकिल डोंगरातले जंगल आणि शेते राखण्यावर त्याहून पुष्कळ कमी पैसा घालायचा करार केला. ही भावनेची गोष्ट नव्हती. त्यांनी दोन्ही खर्चांची बेरीज मांडली. त्यांच्या तक्त्यात पाण्याला रकाना होता.

म्हणून माझे मागणे तक्त्यापुरतेच आहे. झाडाच्या घेराशेजारी त्याचे अंदाजे वय आणि त्यात ढोली आहे की नाही, एवढे लिहावे. या उताराचे पाणी कुठे जाते आणि ते कोण पिते, हे लिहावे, आणि ते पिणाऱ्या प्रत्येकाला हरकत घेता यावी, मिळकत असो वा नसो. लावलेली रोपे लावल्याच्या दिवशी न मोजता दहाव्या वर्षी मोजावीत. त्या मोजणीच्या अहवालावर मूळ सही करणाऱ्यांचे नाव छापावे, ते तेव्हा कुठेही असोत. आणि सहीआधीची स्थळपाहणी भर पावसात, सर थांबल्यानंतर अर्ध्या तासाने करावी. छत्री मी आणीन.

आपली,
एक हरकतदार (मिळकत नाही)

सोबत : बाटल्या दोन. झाकणे घट्ट लावलेली आहेत. डावीकडची हलवून, मग खिडकीत ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावी.